करंटवाले अण्णा

आमच्या शेजारचे यल्लय्या अण्णा भेटले की रामराम करत नाहीत. भर चौकात पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढून ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्याच्या खुणा दाखवतात. डॉक्टर त्या सुयांना बारीक वीज लावतात आणि तिनं रक्तदाब उतरतो, हृदयाला जोर येतो, असं त्यांचं म्हणणं. "मास्तर, करंटशिवाय माग हालत न्हाय, हृदय कसं हालंल?" चादरीच्या कारखान्यात जन्मभर माग दुरुस्त केलेल्या माणसाशी वाद कुणी घालायचा?

मी घालायचो. डोकंच फिरायचं माझं. गल्लीतल्या निम्म्या बायका यांच्या नादानं गुडघ्याखाली चार बोटं मोजून दाबत बसल्या होत्या! अण्णांनी स्वतः भज्यांची दुसरी प्लेट मागवायची, वर म्हणायचं, "करंट हाय की!" या खुळापायी यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या असतील आणि एक दिवस आडवे होतील, ही माझी धास्ती.

परवा तणतणतच आले. "डॉक्टर सुया बंद म्हणतोय! चला, तुमी बोला." मी आनंदानं निघालो. दोघांनाही सुनावायचं होतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रक्तदाब ताब्यात आहे, पण तो गोळ्यांनी. सुयांचा किती उपयोग झाला, मी खात्रीनं सांगू शकत नाही. ठरलं होतं तेवढ्या वेळा झालं, आता पुरे."

"दोन पॉइंट वाढवा पायजे तर, पर बंद करू नका!" अण्णा ओरडले.

बाहेर पायरीवर मी भडकलो. "गोळ्या घेता ना? मग हे खूळ कशाला?"

अण्णा खाली बसले. "गोळ्या पयल्यापासून घेतो की. एक चुकवली न्हाय." मग म्हणाले, "तिथली सिस्टर सुया लावायच्या आधी नाडी बघती. मनगट धरून अख्खं मिनिट बसती. काढल्यावर परत एकदा. आमची मंडळी गेली त्याला तीन वर्सं झाली, मास्तर. पोरं पुण्याला. फोनवर बीपी किती इचारत्यात. हात कोण धरतंय?"

तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो मी, आणि या माणसाशी नुसता भांडत होतो. माझाच मला संताप आला. शेजारी बसलो आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडीतलं मला काही कळत नाही, आणि घड्याळही घरी राहिलं होतं.

"किती?" बऱ्याच वेळानं अण्णांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणालो, "अजून मोजतोय."