दहावा बोल्ट सुटला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, इंजिन थंड असो, आणि बॅटरीची तार सर्वांआधी सुटलेली असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध सप्तमी, इंदुवार, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐसे.

राज्य लहान. दोन खोल्या, एक अंगण, पत्र्याची छपरी आणि छपरीखाली बारा वर्षांची डिझेल गाडी, हा अवघा मुलूख. गादीवर शिवदासराव होते, परंतु गाडी हाकणे आणि निर्णय घेणे हा कारभार राणीसाहेब कुमुदिनीबाई यांजकडे. राणीसाहेब माहेरच्या कासार, बांगड्या भरणाऱ्यांच्या घरातल्या, आणि पेशाने शिक्षिका. त्यांस घाटापलीकडल्या शाळेचे मुख्याध्यापकपद मिळाले होते, आणि शुक्रवारी एकादशीस सकाळी दहाच्या आत रुजू व्हावे ऐसा हुकूम होता, आणि घाटाने एसटी एकच, तीही दुपारची, म्हणून सगळी भिस्त गाडीवर. आणि गाडी तर घाटाच्या तिसऱ्या वळणावर काळा धूर सोडी आणि दम टाकी. मग बापू मेस्त्री, जे त्या मुलखात इंजिनांचे राजवैद्य, यांस पाचारण केले. त्यांनी बोनेट उघडिले, आत डोकाविले, आणि बोलिले, "बाई, हवा आत नेणारा नळ काजळीने बुजलाय. मॅनिफोल्ड म्हणतात त्याला. तो काढायचा म्हणजे निम्मं इंजिन उलगडायचं. दसऱ्याच्या गर्दीत मला आठवडा लागेल. विकून टाका."

"विकलेल्या गाडीत बसून शाळेत कशी जाऊ, बापू?"

"मग पद सोडा की. इथली शाळा काय वाईट आहे?"

हे वाक्य मेस्त्री सहज बोलून गेले, आणि राणीसाहेबांनी तेथेच पदर खोचला.

अष्टमीस मोहीम निघाली. राणीसाहेबांनी जुन्या चादरीवर जागा आखिल्या, आणि जो बोल्ट जेथून निघे तो त्या जागी निजविला, आणि शिवदासराव पाना चालवीत, आणि मोबाईलवर कोणी अनोळखी गृहस्थ हेच काम करून दाखवीत होता त्यास राणीसाहेब दर घटकेस थांबवीत, आणि दोन प्रहरी कारभार येथवर आला:

सुटले त्यांची यादी.
बॅटरीची तार, एक.
हवेच्या फिल्टरचा डबा, एक.
धूर परत आणणारी नळी, एक. हिने शिवदासरावांचे कोपर सोलिले.
नळाच्या तोंडाची झडप, एक. तोंड उघडे राहिले.
मॅनिफोल्डाचे बोल्ट, नऊ.
दहावा,

दहाव्यापुढे यादी कोरी आहे. तो दहावा मागे, खाली, इंजिन आणि लोखंडी भिंत यांच्या सांदीत दडलेला, डोळ्यांस न दिसणारा. शिवदासरावांनी गाडीखाली निजून लांब दांडा लाविला आणि कट्कन तो सैल केला, परंतु पुढे दांडा भिंतीस अडे आणि फिरेना. आता तो बोटांनीच फिरवावा. मग शिवदासरावांनी वरून हात घातिला, तो मनगटाशी अडकला, आणि सोडविण्यास खोबरेल लागले. मग राणीसाहेबांनी घातिला, तो अंगठ्याच्या सांध्याशी राहिला. शिवदासराव बोलिले, "कुमुद, नऊ परत लावू आणि गाडी मिटवू. पुढच्या वर्षी बघू." राणीसाहेब बोलिल्या, "पुढच्या वर्षी ती खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवणारेत का?" आणि त्या दिवशी एवढेच जाहले.

नवमीस राणीसाहेब अंगणात येतात तो चादरीवर बोल्ट आहेत आणि पाने नाहीत. आऊसाहेब भागीरथीबाई, म्हणजे शिवदासरावांच्या मातोश्री, स्नान करून देवघरात बसल्या होत्या, आणि पाटावर सगळे पाने, पकडी, पेचकस आणि तो लांब दांडा मांडून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मोकळ्या जाहल्या होत्या.

"आई, हे काय केलंत?"

"खंडेनवमी आहे. हत्यारांची पूजा नको? आता उद्या सोनं लुटल्याशिवाय एकही पाना हलायचा नाही. तुझ्या सासऱ्यांनी कधी हलवला नाही."

"बरं. आणि अक्षता?"

"सगळीकडे वाहिल्या. गाडीच्या त्या उघड्या तोंडातही वाहिल्या चिमूटभर. बिचारी आ वासून बसली होती."

शिवदासराव पायरीवर बसले. आणि राणीसाहेबांनी अत्यंत शांतपणे विचारिले, "आई, तिथून इंजिन श्वास घेतं. तांदूळ आत गेले?"

"गेले तर गेले. प्रसाद आहे."

"इंजिनला चालत नाही हो, आई!" शिवदासराव ओरडले. कारण नऊ बोल्ट लावून तह करावा ही जी एक वाट त्यांनी मनात राखिली होती, ती त्या चिमटीने बुजली. नळ काढून दाणे झाडिल्याविना गाडी चालूच करिता येईना. आऊसाहेबांस उमगले आणि त्या गप्प जाहल्या, आणि त्यांचे गप्प होणे त्या राज्यात ग्रहणापेक्षा विरळ.

मग राणीसाहेबांनी माहेरची डबी काढिली. तीत मापाच्या बांगड्या होत्या. त्यांनी दोन-सहाची बांगडी दोऱ्यास बांधून सांदीत सोडिली, ती अडली. दोन-चारची सोडिली, ती सरळ खाली गेली. आणि कासाराच्या लेकीस एकदा माप कळले म्हणजे हात कोणाचा हे विचारावे लागत नाही. त्या राज्यात दोन-चारचा हात एकच होता.

"आई, हात द्या."

"माझा? मी काय पाना आहे?"

"पाना असता तर पाटावर असता. त्याची पूजा झाली नाही, म्हणून आज चालतो."

आपलाच कायदा आपणावर आलेला पाहून आऊसाहेब हसू दाबीत बोलिल्या, "मास्तरीण झालीस ती उगाच नाही. पण ऐक. त्या घाटाने तू रोज एकटी जाणार, हे मला पटलेलं नाही. तांदूळ मी टाकले म्हणून हात देते. बाकी मनात आणू नकोस."

"नाही आणत."

मग गाडीपाशी स्टुलावर आऊसाहेब, आणि शेजारी राणीसाहेब. राणीसाहेबांनी तो हात कोमट पाण्यात धरिला, साबण लाविला, आणि अंगठ्याचा सांधा तळव्यात, करंगळीकडे, हळूहळू दाबीत नेला. अकरा वर्षांत त्या हातात कोणी काही भरिले नव्हते. हात प्रथम आखडला. मग ज्याप्रमाणे वडील दुकानात गिऱ्हाइकास बोलते ठेवीत, त्याप्रमाणे राणीसाहेब तो हात सांदीत उतरवीत विचारित्या जाहल्या, "आई, तुमचं माहेर घाटापलीकडचं ना? लग्न होऊन आलात त्या कशाने?"

"कशाने म्हणजे? ट्रकने. सगळं वऱ्हाड ट्रकमध्ये. मी शालू नेसलेली, आणि सहा वेळा ओकले. तुझे सासरे म्हणाले, असा घाट पुन्हा—अगं आई गं! गेला?"

"गेला."

"काही गोल लागतंय."

"तोच. फिरवा. बरणीचं झाकण उघडता तसं."

"घट्ट होतोय गं."

"मग उलट. तो पाठमोरा आहे."

"माझ्याच घरात मला पाठ दाखवतो? थांब मेल्या!"

(येथे कागदावर काळा अंगठा उमटला आहे. दोन ओळी त्याखाली गेल्या.)

आणि सुटला. आऊसाहेबांनी तो चिमटीत धरून वर आणिला आणि कोणाच्या हाती देईनात. मग नळ हातांनीच उचलिला, आणि आत पाहतात तो चारही फाट्यांत काजळी डांबरासारखी दाटलेली, आणि मध्ये करंगळी जाईल एवढीच वाट. तरी गाडी आजवर चालली याचेच सर्वांस आश्चर्य वाटले. काजळीत चिकटलेले तांदूळ एक एक वेचिले, आणि इंजिनाकडली चारही तोंडे टॉर्च धरून तपासिली, ती कोरी निघाली, मग त्यांत फडक्याचे बोळे बसविले. मग डिझेल, जुने दातांचे ब्रश आणि उलथन्याचे टोक घेऊन तिघे दिवस मावळेतो घाशीत बसले, आणि सायंकाळी नळ आतून ताटासारखा लखलखला.

दशमीस सोने लुटिले, पाने मोकळे जाहले, बोळे चार घातिले ते चार काढिले. शिवदासराव नळाच्या जोडात बसणारे नवे गॅस्केट आणावयास गेले तेव्हा बापू मेस्त्रींनी विचारिले, "मागचा बोल्ट कोणी काढला?" "आईने." मेस्त्री हसले, मग हसणे थांबवून पाहावयास स्वतः आले. ते येतात तो आऊसाहेब स्टुलावर बसून सुनेस म्हणत होत्या, "बघतेस काय, साबण आण. तो लावायलाही मीच लागणार." मेस्त्रींनी दहावा बोल्ट उचलून त्यांच्या हाती दिला. दहाही बोल्ट आवळिले, बाकी सारे जोडिले, चावी फिरविली, गाडी दोनदा खोकली, मागून काळा लोट निघाला, आणि मग धूर स्वच्छ होत होत दिसेनासा जाहला.

शुक्रवारी प्रातःकाळी राणीसाहेब निघाल्या. पुढल्या आसनावर आऊसाहेब आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत लिंबू. "सुटलं ते पुन्हा सुटलं तर दोन-चारचा हात कुठून आणशील?" एवढेच कारण त्यांनी सांगितले. साडेनवास शिवदासरावांनी न राहवून फोन लाविला. तो आऊसाहेबांनी उचलिला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता.

"आई, कुठे बंद पडली?"

"बंद नाही पडली. शाळा आली. ती आत जाऊन सहीसुद्धा करून आली."

"आणि घाट?"

"घाट?" आऊसाहेब बोलिल्या. "कधी गेला कळलंच नाही. मी बोलत होते."

एकूण मोहीम दिवस चार. बोल्ट दहा निघाले, दहा लागले, चादरीवर एकही उरला नाही. नळ मोकळा जाहला, स्वारी घाट चढली, आणि मुलूख एका शाळेने वाढला. ही हकीकत घडली तैशी लिहिली, अधिक उणे असेल ते बापू मेस्त्रींस विचारावे. ते हल्ली मान्य करितात.