बोरसे सरांचा वांगी रंग

बोरसे सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर घड्याळ, किल्ल्या, पट्टा बाहेर ठेवावा लागतो. आत भलंमोठं चुंबक आहे. एकदा प्राचार्य तपासणीला आले आणि तासभर एका हाताने पँट धरून उभे होते. सर म्हणाले, "धरा निवांत, घाई नाही."

मी जळगावच्या त्याच कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणजे सरांच्या मते रिकामाच असतो. व्हरांड्यात दिसलो की दंडाला धरून आत नेणार. द्रवस्फटिक म्हणजे काय ते त्यांनी मला शंभरदा सांगितलंय: वाहतं तेलासारखं, पण आतले कण रांगेत. चुंबकाचा जोर वाढवला की कण वळतात आणि सूक्ष्मदर्शकात रंग पालटतो. मग त्यांचं ठरलेलं, "बघा. रंग कोणता?" आपण सांगायचं, ते वहीत लिहिणार. शिपाई, झाडूवाल्या अक्का, फी भरायला आलेले पालक, कोणी म्हणजे कोणी सुटलं नाही. त्यामुळे वहीत रंगही तसलेच: तर्री, कच्ची केळी, 'अक्कांच्या सुनेची साडी'. स्वतः मात्र नळीला डोळा लावत नसत. मला वाटायचं, काय शिष्ट माणूस आहे!

निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आयुष्यात एक तरी शोधनिबंध छापून यावा, एवढीच त्यांची इच्छा. पाठवलेला निबंध परत आला. चुंबकाच्या दोन वेगळ्या जोरांना एकच जांभळा रंग येईलच कसा, अशी संपादकांची शंका होती. सरांनी आठवडाभर डबा उघडला नाही.

शेवटी मीच वही घेऊन बसलो आणि कपाळावर हात मारला. दोन्हीकडे 'वांगी' लिहिलेलं, आणि निबंधात सरांनी दोन्हींचं 'जांभळा' केलेलं! एकदा सांगणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या पुण्याच्या बाई, त्यांचं वांगं जांभळं. दुसऱ्यांदा नशिराबादचे शिपाई आबा, आणि आमचं जळगावकडचं भरताचं वांगं हिरवं.

"अहो, एकदा स्वतः बघायला काय झालं होतं?" मी चिडलोच.

सर शिंदखेड्याचे, पण कॉलेजात कायम शुद्ध बोलणारे. त्या दिवशी घरची बोली आली. "माले लाल, हिरवा, जांभळा बठ्ठं सारखंच दिसस, भाऊ. लहानपणापासून. कोनले सांगेल नही."

मला माझीच लाज वाटली. पट्टा काढला, नळीला डोळा लावला आणि सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. हिरवा जाऊन जांभळा आला तसं मी सांगितलं. सरांनी ते लिहिलं नाही.

"लोके वा वा करतस," ते हळूच म्हणाले. "खरंच इतलं चांगलं दिसस का?"

मी हो म्हणालो. कसं दिसतं तेही सांगायला गेलो, पण वीस वर्षं मराठी शिकवून मला एक धड वाक्य जुळेना.