हुकमाचं अक्षर

पत्रिका हातात येताच रतनने बाळाला छातीशी धरलं. "अवो, ह्ये बारसं हाय का जप्ती?"

ज्ञानूने मान खाली घातली. भोरच्या छापखान्यात तो खिळे जुळवायचा. नवा टाइप मतदारयादीत अडकलेला. म्हणून त्याने संस्थानाच्या वेळचा, सरकारी हुकूम छापायचा जुना टाइप काढला होता. जाड माथ्याची, बारीक वळणांची ती अक्षरं. प्रत्येक काना टाच टेकवून हुजऱ्यासारखा उभा.

"बघ तरी," तो हळूच म्हणाला. "पन्नास वर्षं झाली, पर एक अक्षर वाकलं न्हाई."

रतनने पाहिलं आणि तिचाही आवाज आपोआप खाली आला. या अक्षरांपुढे मोठ्याने बोलवेना.

तिला धास्ती एकच होती, आई येते की नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते भोरातच उरकलं. "शिशाची अक्षरं जुळवून पोट भरतं व्हय?" असं म्हणून तिच्या आईने, साळूबाईने, जावयाच्या घरची पायरी न चढण्याची शपथ घेतली होती. दोन पत्रं माहेरी मार्गासनीला गेली, उत्तर आलं नाही. आता बाळ तिसऱ्या महिन्यात. तिसरी ही पत्रिका.

पत्रिका यष्टीने मार्गासनीला पोचली आणि थेट चावडीवर लागली. मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं, की बारसं आहे. गेनबाने ते उडवून लावलं. "वाचायचं काय त्यात? अक्षर बगा की! असलं अक्षर हुकमाबिगर निघत न्हाई."

बारशाच्या दिवशी ज्ञानूच्या दारात मार्गासनीची तीस माणसं उतरली. गेनबाने सातबारा आणला होता. बनाबाईने रेशनकार्ड, आणि लागलंच तर म्हणून म्हैसही. पाठोपाठ तलाठी साहेबराव आले, इस्त्रीचा कोट घालून, घामाघूम. "वरून कोन आलंय?" त्यांनी ज्ञानूला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

माणसं रांगेत बसली. पाळणा म्हणायला कोणी तोंड उघडेना. तेवढ्यात बाळ रडलं, आणि सगळी रांग उठून उभी राहिली.

रतनला हसावं की रडावं कळेना. पाळण्याची दोरी धरून ती दाराकडे बघत राहिली.

दारात साळूबाई उभी होती. काखेत गाठोडं.

"सायेब कुठं हाईत?"

रतनने पाळण्याकडे बोट केलं.

साळूबाईने आधी गाठोड्यातून जमिनीची जुनी सनद काढली, चावडीवरून उतरवून आणलेली पत्रिका तिला लावून धरली. वाचता येत नव्हतं; तिने बोट फिरवून अक्षरांच्या टाचा तपासल्या. "त्येच अक्षर," ती म्हणाली. "म्हून आले. हुकूम मोडायचा नसतो, जावईबापू."

'जावईबापू' ऐकून ज्ञानू दाराला टेकला.

"आये, दोन पत्रं धाडली व्हती," रतन म्हणाली.

"ती तुजी व्हती. ह्यो हुकूम हाय."

सनद परत ठेवताना गाठोडं उलगडलं. आतून एक कुंची निघाली. झालर लावलेली, हाताने शिवलेली. महिनोन्‌महिने घडीत राहून घड्यांवर रंग उडालेली.

रतनने डोळ्यांना पदर लावला. "सरकारी कामाला कुंची कशापायी आणलीस गं?"

साळूबाईने वर पाहिलं नाही. पाळण्यात वाकून ती नाडी बांधू लागली.

"सायबाचं डोकं उगडं हाय," ती म्हणाली.