गद्रेसानांची मोजणी

जपानमधल्या आमच्या सकाळच्या गाडीत दाराशी उभा राहून एखादा पन्नाशीचा मराठी गृहस्थ "अधिक एक, अधिक दोन, परत एक, शून्य" असं पुटपुटताना दिसला, तर घाबरून डबा बदलू नका. ते आमचे गद्रे, इथल्या रीतीप्रमाणे गद्रेसान. आत येणाऱ्याच्या पाठीला दप्तर असलं की अधिक एक, अंगात सूट असला की वजा एक, आजीआजोबा म्हणजे शून्य. मी फुनाबोरीहून त्याच गाडीनं त्यांच्याच ऑफिसला जाते. ओजिमाला ते चढतात आणि दोन-तीन स्टेशनं गेली की नमस्कार-चमत्कार न करता मला सांगतात, "केतकी, आज वजा अकरा. सूट फार आहेत."

ही सगळी तालीम ब्लॅकजॅकसाठी. खेळ सोपा आहे. पत्ते घेत घेत एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की बाद. मोजणीही ऐकायला सोपीच. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा लहान पत्ता पडला की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की वजा एक. आकडा वर चढला म्हणजे लहान पत्ते संपत आले आणि मोठे उरले. अशा वेळी खेळणाऱ्यानं डाव वाढवायचा.

गद्रेसानांनी कॅसिनोत मात्र आजवर पाऊल ठेवलेलं नाही. या देशात तो अजून उघडलेलाच नाही, आणि बाहेरदेशी जावं तर त्यांची सगळी सुट्टी पुण्याला खर्ची पडते. बायको आणि मुलगी तीन वर्षांपूर्वी परत गेल्या. मुलगी मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली, तेव्हा आठवीपासून तिला तिकडच्या शाळेत घालायचं ठरलं. गद्रेसान कॉन्ट्रॅक्टसाठी मागे राहिले आणि त्यांनी पत्त्यांचा कॅट हातात घेतला.

मग त्यांनी मंडळ काढलं. ओजिमाच्या वॉर्ड सभागृहात शनिवारी दुपारी एक खोली मिळते, पण नोंदणीला पाच नावं लागतात. चार झाली की खोली गेली. मंडळाचं नाव 'गणित व पत्ते अभ्यास'. पैसे लावायला अर्थातच बंदी, म्हणून आम्ही अझुकीचे, म्हणजे लाल चवळीसारखे, दाणे लावतो. हे दाणे नंतर खाणार का, खाल्ले तर ते बक्षीस धरावं लागेल, अशी शंका सभागृहाच्या खिडकीतल्या बाईंनी काढली. गद्रेसानांनी लेखी उत्तर दिलं की दाणे खाल्ले जाणार नाहीत, बरणीत परत जातील.

पाच नावं म्हणजे गद्रेसान, मी, आमच्याच ऑफिसातले साने, त्यांची बायको आणि मोरितासान. मोरितासान गद्रेसानांच्याच सरकारी चाळवजा इमारतीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. कचऱ्याच्या पिशव्यांचं वर्गीकरण त्यांनीच गद्रेसानांना शिकवलं. ब्लॅकजॅक मात्र गद्रेसानांना त्यांना शिकवता आलं नाही.

कारण मोरितासानना "नको" म्हणता येत नाही. पत्ते गद्रेसान वाटतात. नियमाप्रमाणे ते प्रत्येकाला "दोओझो?" म्हणजे 'घेता ना?' असं म्हणून पत्ता पुढे करतात. मोरितासानच्या हातात वीस असतात. त्या मान लववतात, दोन्ही हातांनी पत्ता घेतात, आभार मानतात आणि बाद होतात. नकार दिला तरी चालतो हे आम्ही त्यांना तीन भाषांत सांगून पाहिलं. त्या "हाय, हाय" असं होकारार्थी म्हणतात आणि पुढचा पत्ता घेतात. एकदा गद्रेसानांनी त्यांना न विचारता पुढे जाऊन पाहिलं, तर आपलं काय चुकलं या काळजीनं त्यांचा चेहरा एवढासा झाला.

ऑक्टोबरात एका दुपारी त्यांचे दाणे तीनदा संपले. त्या उठल्या, आम्हा प्रत्येकापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, पुढच्या वेळेपासून मी येणार नाही. दोन शनिवार त्या खरंच आल्या नाहीत. आता मंडळ बुडणार असं आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या शनिवारी गद्रेसान त्यांना घेऊन आले. कसं समजावलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा अशी दुपार आली तर त्या कायमच्या जातील, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

त्याच सुमारास गद्रेसानांनी आमच्यामागे मोजणीचं टुमणं लावलं. हौशी खेळाडूनं पत्ते मोजायला शिकावं का? माझं मत स्पष्ट होतं. महिनोन्‌महिने घोकंपट्टी करायची, आणि फायदा होणार तो नखाएवढा. तोही खऱ्या पैशांत नाही, बरणीत परत जाणाऱ्या दाण्यांत! गद्रेसान नफातोट्याचा छापील तक्ता पुढे करायचे आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "मनाचं ऐकू नकोस, तक्ता बघ." शेवटी मी शिकले, कारण मला हरायला आवडत नाही. भांडी घासताना, रांगेत, मुलाच्या शाळेच्या मीटिंगमध्ये मी पत्ते मोजले. जानेवारीत माझा आकडा चुकेनासा झाला.

तरीही मी जिंकेना. सानेही जिंकेनात. आकडा चढत चढत चारवर, पाचवर यायचा, मी दाण्यांची मूठ पुढे सरकवायला जायचे, आणि नेमकं तेव्हाच गद्रेसान म्हणायचे, "चहा घेऊया." पत्ते गोळा करून ते पिसायला लागायचे. पिसले की आकडा परत शून्य. उलट आकडा शून्याखाली गेला, म्हणजे नुसते लहान पत्ते उरले, की शेवटच्या पत्त्यापर्यंत खेळ चालायचा आणि चहाचं नाव निघायचं नाही. तीन शनिवार मी कागदावर खुणा केल्या. एकदाही चूक नव्हती.

मी भयंकर चिडले. त्या दिवशी बाकीचे गेल्यावर खुर्च्या लावायला म्हणून मागे राहिले. गद्रेसान टेबल पुसत होते.

"गद्रेसान, तुम्ही लबाडी करता."

"कसली?"

"आकडा चारवर गेला की तुम्हाला तहान लागते."

ते इतके खूश झाले की फडकं हातातच राहिलं. "म्हणजे तुला मोजता यायला लागलं! सान्यांना अजून पत्ता नाही."

"विषय बदलू नका. आम्हाला शिकवायचं तुम्हीच आणि वेळ आली की पिसायचंही तुम्हीच?"

"अगं, मोठे पत्ते उरले की मोरितासान बाद होणार. लहान उरले तर एखादा जास्तीचा खपून जातो. त्यांना नाही म्हणता येत नाही, मग मी काय करू? बाद झाल्या की माफी मागतात. माफी मागितली की यायच्या बंद होतात."

"पाचव्या नावासाठी एवढा खटाटोप?"

"नावं आता सात आहेत. सान्यांच्या ओळखीचे दोघं या महिन्यात आले ना."

हे खरं होतं. गद्रेसानांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"त्या आल्या नाहीत तेव्हा मी त्यांच्या दारावर गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांनी दार उघडलं, बोलायला गेल्या, तर आवाजच फुटेना. खाकरून खाकरून म्हणाल्या, माफ करा, चार दिवसांत कोणाशी बोलले नाहीये. मी म्हटलं, माझंही तेच होतं. सोमवारी ऑफिसात पहिलं वाक्य घोगरं निघतं."

"घरी फोन नाही होत?"

"होतो की. पण शनिवार-रविवार लेकीचे क्लास असतात. मेसेजवर भागतं."

सोमवारच्या मीटिंगआधी गद्रेसान पाच मिनिटं घसा साफ करत बसतात. मी आणि साने त्यावरून ऑफिसात हसायचो. मी स्वतः त्यांची नक्कल करायचे, आणि ती चांगली जमायची. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

आम्ही दिवे बंद केले, खिडकीत किल्ली दिली. गद्रेसानांची इमारत सभागृहाच्या समोरच आहे, पण ते माझ्याबरोबर स्टेशनकडे चालू लागले. रस्ताभर त्यांनी आकडा सहावर असताना किती दाणे लावावेत ते समजावलं. गेटपाशी उभं राहून उदाहरणं दिली. माझ्या दोन गाड्या गेल्या. एरवी मी तोंडावर सांगितलं असतं की घरी पोरगं वाट बघतंय.

"गद्रेसान," तिसरी गाडी येताना मी म्हटलं, "उद्या रविवार आहे. मोरितासानना घेऊन आमच्याकडे जेवायला—"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "किती वाजता?"