मागितली दहा, आणली सहा

१४ मे २०२३, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मोतीराम तायडे अकोल्याहून अमरावतीला माझ्या घरी आले. आत येताच त्यांनी व्हरांड्यातील वायरीला उलटा हात लावला. ती थंड असल्याची खात्री झाल्यावर मला जय भीम केला.

ही त्यांची जुनी रीत. कोणाच्याही घरी ते प्रथम वायरीची प्रकृती पाहतात, मग माणसांची विचारतात. भातकुलीला माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवातील वायर त्यांच्या हाताला गरम लागली. पंगतीतून उठून त्यांनी कर्णे बंद करायला लावले. वरपक्ष रुसला. तायडे वरपित्याला म्हणाले, "नवरदेव गरम झाला तं चालते. तार गरम झालेली चालत नाही."

अकोल्याच्या एका सूतगिरणीत ते वायरमन होते आणि मी भांडारपाल. नोकरीभर त्यांनी माझ्याकडे लागते त्याहून एक माप जाड केबल मागितली आणि नोकरीभर मी मागणीपत्रापेक्षा एक माप बारीक दिली. गिरणीला कधी आग लागली नाही. त्याचे श्रेय दोघेही स्वतःकडे घेतो.

त्या दिवशीचे काम मात्र गिरणीचे नव्हते. माझी पत्नी सोमवारी सकाळी दवाखान्यातून घरी यायची होती. तिला ऑक्सिजनचे यंत्र अखंड लागणार होते आणि आमच्या भागात मे महिन्यात दुपारची वीज जाते. मी पाच केव्हीएचा जनरेटर घेऊन तिच्याच खोलीच्या खिडकीखाली ठेवला होता. तेथून बोर्डापर्यंत अंतर आठ मीटर. त्या अंतराला पुरेल अशी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबलही आणली होती. दोन तासांचे काम, असा माझा अंदाज.

तायडे यांनी जनरेटरकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले.

"काहून साहेब, वयनीले ऑक्सिजन द्याचा हाये का धूर?"

जनरेटर मागच्या कुंपणाच्या भिंतीशी गेला. मी पावले टाकून अंतर तीस मीटर सांगितले. वीज काय तुमच्यासारखी अंगणातून चालत येते का, असे त्यांनी विचारले. मग खिशातील सुतळी भिंतीलगत, कडुनिंबाच्या मागून, बोर्डापर्यंत नेली. चव्वेचाळीस मीटर भरले. पायरीवर बसून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले: पूर्ण भार बावीस अँपिअर, अंतर चव्वेचाळीस मीटर, वर अमरावतीचे ऊन. चारची केबल एवढा भार वाहील, पण टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज पडेल, हे त्यांनी मला शेतातल्या पाइपावरून समजावले. पाणी लांब न्यायचे तर पाइप मोठा लागतो. मला ते ठाऊक होते. मी ऐकून घेतले.

"दहाची आणा," ते म्हणाले.

रविवार असल्याने दुकान बंद होते. मालकाला घरून बोलावून घेतले आणि सहाची आणली. तसे मी ठरवले नव्हते. तोंडातून सहाच निघाले. चूक फाटकापाशी ध्यानात आली. तायडे यांनी केबलवरचा छापील आकडा वाचला आणि ती सोलायला बसले. चिडला कसे नाहीत, असे मी विचारले.

"मले सहाच पाह्यजे होती. सहा सांगतली असती तं तुमी चारच वापराले लावली असती."

साडेचारला जोडणी झाली. त्यांनी यंत्र, पंखे, फ्रिज असे सारे जनरेटरवर चालवले आणि पत्नीच्या रिकाम्या पलंगापाशी स्टूल घेऊन बसले. यंत्राशेजारच्या सॉकेटात मीटरच्या काड्या घातल्या. व्होल्टेज ठीक आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळते. तायडे पाऊण तास बसले. साडेपाचची एसटी चुकेल, असे मी दोनदा सांगितले.

"शोभीले असंच मशीन होतं," ते मीटरकडे पाहत म्हणाले. शोभा म्हणजे त्यांची पत्नी. तिला जाऊन तीन वर्षे झाली. "लोकायच्या घरी सुतळी घेऊन मोजत फिरलो. माह्या घरी अंदाजानं अडीचची टाकली. मशीन सुरू झालं, का म्या दुसऱ्याच्या कामावर गेलो. दुपारी व्होल्टेज पडलं. मशीन बोंबलत राह्यलं, अन् घरात ती एकटी."

शेजारणीने आवाज ऐकला म्हणून शोभा त्या दिवशी वाचली. पुढे सहा महिने होती. तायडे चपला घालू लागले, की फक्त दाराकडे पाहत राही.

मीटरचा आकडा हलला नव्हता. ते तरीही उठले नाहीत.

"उद्या वयनी आली का मशीन लावून पाहतो," ते म्हणाले. "मंग जातो."

मी राहण्याचा आग्रह केला नाही. बाहेरच्या खोलीत खाट टाकली आणि कूलरमध्ये पाणी भरले.