दगडूभाऊंचं लाल अंडं

आमच्या गल्लीत अंडं विकत घ्यायचं तर आधी परीक्षेला बसावं लागे. दगडूभाऊ सायकल स्टँडवर लावत, गिऱ्हाइकाला पाठ फिरवायला सांगत आणि दोन बशांत दोन अंडी फोडत. एक पांढरं, एक लाल. टरफलं खिशात.

"आते सांग, कोणतं कोणतं शे?"

कोणालाही सांगता येत नसे. दगडूभाऊंचा चेहरा खुलायचा. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं, लालच द्या."

फोडलेली अंडी दुपारी तेच तळून खात. वर्षानुवर्षं त्यांचं जेवण तेवढंच. खानदेशातून सुरतेत येऊन त्यांनी पुष्कळ वर्षं कापडाच्या खडखडत्या लूमवर काढली होती, त्यामुळे साधं बोलणंही ओरडून. "टरफलना रंग कोंबडीनी जातवर ऱ्हास. तू टरफल खास का?" टरफल कोण खातं, हे त्यांचं वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. शाकाहारी गुजराती वस्तीतून मात्र ते टोपलीवर फडकं टाकून, तोंड मिटून जात. ते तोंड मिटणं त्यांना फार जड जाई.

माझ्या आईशी त्यांचा कायमचा वाद. आईचं म्हणणं, पांढऱ्या अंड्यात रक्त नसतं.

"आक्का, काळी म्हैसनं दूध काळं ऱ्हास का?"

"म्हैस अंडं देस का?" आई म्हणे. यावर दगडूभाऊ सायकल काढत.

मग कामरेजच्या ज्या पोल्ट्रीतून ते अंडी आणत, तिथल्या मालकाने तांबड्या कोंबड्या काढून टाकल्या. खातात जास्त, देतात कमी. आता सगळी पांढरीच अंडी. दगडूभाऊ जिंकले होते, आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. नेमकी तेव्हाच आई टायफॉइडने आडवी झाली. ताप उतरला, पण तिला उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, रोज अंडं द्या. आईने पांढरं अंडं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन चमचे पेजेपलीकडे पोटात काही जाईना. मला खरोखर भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी दगडूभाऊ लाल अंडं घेऊन दारात उभे. आईच्या हातात देऊन म्हणाले, "सापडनं एक." नंतर रोज एक सापडू लागलं. ती खाईपर्यंत ते उंबऱ्याशी बसून राहत, तेही गप्प. आई हळूहळू भिंतीला धरून चालू लागली.

एकदा त्यांना उशीर झाला म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्टोव्हजवळ पातेलं होतं, त्यात काळाभोर चहा आणि चहात पांढरी अंडी. दगडूभाऊंची बोटं लालसर झाली होती. जन्मभर ज्या गोष्टीसाठी गल्लीशी भांडले, तीच मोडून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय करू भाऊ? ती टरफलच खास."

आई पुरती बरी झाल्यावर मी तिला हे सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पयलाच दिन मना तळहात लाल व्हयना व्हता."

"मग खाल्लंस कशाला?"

"एवढा रंग दीसन आनस तो. त्याले आठे दुसरं कोन शे?"

आता आई माझ्याआधी उठते आणि नळावरून दोन हंडे पाणी आणते. पण गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की ती हातातलं काम टाकते, खाटेवर आडवी होते, पदर डोक्यावर घेते आणि बारीक आवाजात म्हणते, "या भाऊ. अजून अशक्तपना शे."