मधला नट

प्रयोगाच्या आदल्या सकाळी फिरता रंगमंच फिरायचा थांबला नाही. तो थरथरू लागला. प्राध्यापक यज्ञेश्वर यांना हे अधिक दुःसह वाटले. थांबलेल्या वस्तूचा शोक करून मोकळे होता येते, थरथरणाऱ्या वस्तूवर मात्र आशा ठेवावी लागते.

लाकडाची ती प्रचंड गोल चकती त्यांनी श्रीगोंद्यातल्या आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःच्या हातांनी घडवली होती. त्या खोलीला ते ‘कार्यशाळा’ म्हणत. त्यांची पत्नी अंबिका तिला ‘तुमचं ते’ म्हणत असे. ‘तुमचं ते’मधून आजवर बाहेर आलेल्या कृतींमध्ये बसणाऱ्याला हळूहळू पूर्वेकडे झुकवणारे एक स्टूल होते, आणि एका निवांत दुपारी कुणीही न छेडता भिंतीवरून खाली उतरलेली एक फळी होती. अंबिका शाळेत शिकवायची आणि गावातल्या हौशी नाट्यमंडळाची नाटके बसवायची. यंदाच्या नाटकात राजाला एका रात्रीत आपले सारे आयुष्य दिसते. त्यासाठी ही चकती वापरायला तिने होकार दिला, पण अट घालूनच.

“फिरली, तर खोली तुमची. नाही फिरली, तर सोमवारी भंगारवाला येईल आणि तिथं पाहुण्यांची खाट पडेल.”

चकतीच्या मध्यभागी एका जुन्या ट्रॅक्टर-ट्रेलरचा जाडजूड बोल्ट होता आणि त्यावर नट. त्या नटाचे आटे झिजले होते. पाना लावला की तो गोल गोल फिरे, पण आवळला काही जात नसे. गावातल्या दोन्ही हार्डवेअरच्या दुकानांत यज्ञेश्वर जाऊन आले. पाच सुती मापाचे, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या बोल्टाचे नट दोन्हीकडे होते, पण हा बोल्ट बारीक आट्यांचा निघाला. सूत जुळत होते, आटे जुळत नव्हते. पुष्कळ संसारांचे असेच असते, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि तो अंबिकेला न सांगण्याचे शहाणपण त्यांनी दाखवले.

नाट्यमंडळाचे सभासद जिल्हाभर विखुरलेले होते. कुणाला तरी कुठल्या तरी दुकानात नट सापडेल, या आशेने त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकायचे ठरवले. एरवी त्यांनी नटासाठी ‘आवळकडे’ असा स्वतः घडवलेला शब्द वापरला असता. परंतु मागच्या महिन्यात त्यांनी स्क्रूला ‘मळसूत्री खिळा’ म्हटले, तेव्हा एका सभासदाने तो औषधाच्या दुकानात जाऊन मागितला होता. त्या दिवसापासून अंबिकेचे बजावणे होते, की लोक बोलतात तसे लिहा. तेव्हा आयुष्यात प्रथमच त्यांनी लोक बोलतात तसे लिहिले:

‘नमस्कार. आपला मधला नट पार झिजला आहे. त्याचे आटे गेले आहेत. जागच्या जागी फिरतो, पकड घेत नाही. उद्याच्या प्रयोगाआधी तो बदलणे अत्यावश्यक. जाड अंगाचा, दणकट नट कुणाच्या पाहण्यात असल्यास तातडीने कळवावे. नगरात असे नट वीस-वीस रुपयांना पडून असतात. मापे मागाहून पाठवतो.’

निरोप गेला. मग फोन खिशात टाकून त्यांनी मोटारसायकल काढली आणि स्वतःच नगरची वाट धरली.

नाटकात राजाचे काम श्रीमंत करत असे. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता आणि गेली कित्येक वर्षे मंडळाच्या प्रत्येक नाटकात राजा, सेनापती किंवा निदान पाटील तरी होता. या नाटकात तर पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत तो चकतीच्या मध्यभागी उभा असे. उसाची बैलगाडी काट्यावर चढत असताना त्याने निरोप वाचला. मग पुन्हा वाचला. ‘मधला नट’ या शब्दांपाशी तो थांबला, ‘आटे गेले आहेत’ हे त्याने स्वतःशी म्हणून पाहिले आणि ‘वीस-वीस रुपयांना’ इथे त्याने बैलगाडी वजन न करताच सोडून दिली. थोड्या वेळाने गटावर एकच ओळ उमटली: श्रीमंत गटातून बाहेर पडले होते.

 गटावरची माणसे हळहळली आणि त्यांनी आरशातही पाहिले. राळेगणसिद्धीच्या दूध डेअरीतला तरुण वाल्मिक हा मंडळाचा कायमचा पहारेकरी. बारा वर्षे तो भाला धरून सिंहासनाशेजारी उभा राहिला होता आणि एकही वाक्य न बोलता त्याने प्रत्येक राजाचे प्रत्येक वाक्य पाठ केले होते. त्याने लिहिले, ‘सर, मी हाय. अंगानं जाड हाय, दणकटबी हाय. पैशे नकोत. छाती बेचाळीस.’

अंबिका शाळेतून बाहेर पडली तेव्हा तिने हे सारे वाचले आणि तिच्या लगेच लक्षात आले. ‘अहो, हा नट-बोल्टमधला नट आहे,’ असे तिने गटावर लिहिले. पण गटाला ती दिग्दर्शिकेची सारवासारव वाटली. मग ती तडक श्रीमंतच्या घरी गेली. तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“श्रीमंतभाऊ, तो लोखंडाचा नट हो. चकतीचा.”

“बाई, तुमी चांगल्या हायसा, म्हनून झाकताय. सरांनी लिवलंय ना? झिजला म्हनून. लिवलेलं खोटं आसतंय व्हय?”

“मी त्यांनाच विचारते. तुमच्यासमोर.” तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

यज्ञेश्वर त्या वेळी नगरच्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात गुडघ्यांवर बसले होते. दुकानदाराने आधी त्यांना ‘बारीक आट्याचा नसतोच’ असे ठामपणे सांगितले होते आणि त्यांचा चेहरा पाहून कोपऱ्यातले गंजके डबे दाखवून तो चहा प्यायला निघून गेला होता. मग यज्ञेश्वरांना काळाचे भान उरले नाही. डब्यांत लोखंडाचा काळोख भरून होता. बोटांना तेलाचा वास लागत होता, खिळे पावसासारखे वाजत होते, वायसर नाण्यांसारखे घरंगळत होते. जगातल्या साऱ्या निखळलेल्या वस्तूंचे सांधे इथे कुणाची तरी वाट पाहत पडले आहेत, असे त्यांना वाटले. आणि तळाशी तो होता. नमुन्यासाठी खिशात आणलेल्या, त्याच ट्रेलरच्या दुसऱ्या बोल्टावर त्यांनी तो चढवून पाहिला. तो लोण्यासारखा चढला आणि घट्ट बसला. नेमका तेव्हाच फोन वाजला.

“अंबिका, मिळाला,” ते भारावून म्हणाले. “काय सांगू, इतका देखणा. नवा कोरा. याच्यापुढे आपला जुना म्हणजे केवळ गंज. परत आलो की पहिला तो काढतो आणि भंगारात टाकतो. हा काय पेलेल म्हणतेस, श्रीमंतसारखे चार एकटा पेलेल.”

अंबिकेने घाईने फोन बंद केला. श्रीमंत उठला, आत गेला आणि त्याने राजाचा मुकुट आणून अंबिकेच्या हातात ठेवला.

“त्या चार श्रीमंतांच्या डोक्यावर घाला,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगल कार्यालयाचा हॉल भरला. पडद्यामागे वाल्मिक मुकुट घालून उभा होता आणि आपला भाला कुठे ठेवावा हे न कळून तोही हातात धरून होता. चकती नुकतीच हॉलमध्ये आणून मंचावर ठेवली होती. नवा नट बसवायला यज्ञेश्वर पाना घेऊन तिच्याखाली शिरणार, एवढ्यात पडद्याच्या कडेला श्रीमंत दिसला. तो नुसता बघायला आला आहे, असे त्याने आल्या आल्या तिघांना सांगितले होते.

यज्ञेश्वर त्याच्यासमोर गेले. आदल्या रात्री त्यांनी क्षमायाचनेची चार वाक्ये योजली होती. त्यांतले एकही आठवले नाही. त्यांनी खिशातून नवा नट काढून श्रीमंतच्या तळहातावर ठेवला.

“श्रीमंत, हा तो नट.”

काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाने तो तळहातावर तोलला. उलटा केला, आतले आटे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला, मग लाज आली आणि मग मोठा पेच उभा राहिला. कारण आपण राजाचे काम लाथाडल्याचे त्याने साऱ्या कारखान्याला सांगून ठेवले होते आणि कारखाना पहिल्या तीन रांगांत बसला होता. त्याने मूठ मिटली.

“आता वाल्मिकला करू द्या, सर,” तो हळू म्हणाला आणि नटासह अंधारात जाऊन बसला.

तिसरी घंटा झाली. यज्ञेश्वर त्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिले. ज्या माणसाचा अपमान नुकताच निवला आहे, त्याला ‘मूठ उघड’ कसे म्हणायचे? म्हटले नाही तर चकती डगमगणार, सोमवारी भंगारवाला येणार. त्यांनी हताशपणे अंबिकेकडे पाहिले. तिने काही न विचारता पडद्याच्या काठाचे सूत ओढून तोडले आणि त्यांच्या हातात दिले.

“आट्यांवर गुंडाळा. घरातला नळ गळतो तेव्हा तुम्ही कार्यशाळेत असता. मी हेच करते.”

चकतीखाली झोपून त्यांनी बोल्टावर सूत गुंडाळले आणि जुना, झिजलेला नट पुन्हा चढवला. तो करकरला. मग बसला. किती वेळ टिकेल, हे त्यांना ठाऊक नव्हते.

वाल्मिकने सुरुवात उत्तम केली. तो बारा वर्षांचा साठा घेऊन उभा होता. परंतु राजाचे मोठे स्वगत आले तेव्हा त्याची नजर समोरच्या गर्दीवर गेली. ‘हे रात्री, तू मला...’ एवढे म्हणून तो थांबला आणि सवयीने भाल्यासारखा ताठ झाला. रात्र तशीच ताटकळत राहिली. मागच्या अंधारात मात्र कुणाचे तरी ओठ हलत होते. अंबिकेने ते पाहिले.

“फिरवा,” ती कुजबुजली. “आणि श्रीमंतभाऊ, चढा.”

यज्ञेश्वरांनी खांदा लावला. चकती हलली, किंचित कण्हली आणि मग संथ, गुळगुळीत, पाण्यावरच्या पानासारखी फिरू लागली. वाल्मिक अंधाराकडे गेला. मागच्या बाजूने श्रीमंत चकतीवर चढला, जाता जाता त्याने वाल्मिकच्या डोक्यावरचा मुकुट उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि तो उजेडात आला तेव्हा पिकल्या केसांचा राजा म्हणत होता, “...हे रात्री, तू मला म्हातारा करून परत आणलंस.”

 तरुण राजा एका फेऱ्यात वृद्ध झाला होता. पहिल्या तीन रांगा उभ्या राहिल्या आणि टाळ्यांनी छताचे पत्रे वाजू लागले. पुढे प्रयोगभर चकती फिरत राहिली. दोन्ही राजे तिच्यावरून येत-जात राहिले आणि तिने एकदाही थरथर दाखवली नाही.

प्रयोगानंतर प्रमुख पाहुणे अंबिकेला म्हणाले, की एकच भूमिका दोन नटांत वाटण्याची ही कल्पना फार खोल आहे. अंबिकेने मान झुकवून ती खोली स्वीकारली. मग ती यज्ञेश्वरांकडे वळली. पुढच्या नाटकात एकाऐवजी दोन चकत्या लागतील आणि पत्र्याच्या खोलीला एक खिडकी पाडून घ्यायला हवी, एवढेच ती म्हणाली. भंगारवाल्याचा विषय कुणी काढला नाही.

श्रीमंत मुकुट काढून आला. त्याने इतका वेळ मिटलेली मूठ उघडली. तळहातावर सहा कोनांचा लालभडक ठसा उमटला होता.

“म्हंजी ह्यो माझ्याकडंच ऱ्हायला व्हय? मंग चकती कशावर फिरली?”

“जुन्याच नटावर,” यज्ञेश्वर म्हणाले.

श्रीमंतने चकतीकडे पाहिले. मग भाला शोधत फिरणाऱ्या वाल्मिककडे पाहिले. त्याने तो देखणा, नवा कोरा नट यज्ञेश्वरांना परत दिला.

“ह्याला आदी बारा वर्सं भाला धरून हुबा करा, सर,” तो म्हणाला. “मंग बघू.”